सोळा वर्षांचा मुलगा कुणाचा? ऑरेगनच्या वसाहतकाराची वंशावळ शोधताना

सुमारे ३,२०० किलोमीटरची वाट बैलगाडीने तुडवून १८४०च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगनला पोचलेल्या माणसाचा जन्मदाखला शोधत बसू नये, तो मिळत नाही. ऑरेगनमध्ये जन्ममृत्यूची राज्यभर नोंद सुरू झाली तीच १९०३ साली. घराणं सापडतं ते भलत्याच कामासाठी लिहिलेल्या कागदांतून: जनगणना, जमीन, लग्न, वारसा. शोधायचंही मागे मागे जात, आजच्या माणसापासून एकेक पिढी पक्की करत. नाव जुळलं म्हणून मधल्या पिढ्या गाळून उडी मारली, की दुसऱ्याचेच पूर्वज आपल्या झाडावर चढतात.

जनगणना दर दहा वर्षांची. १९००वरून मागे गेलं की एकदम १८८०, कारण १८९०च्या बहुतेक सगळ्या नोंदी वॉशिंग्टनमधल्या १९२१च्या आगीत आणि नंतरच्या विल्हेवाटीत गेल्या. १८८०च्या यादीत कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान लिहिलेलं असतं. १८५० ते १८७०च्या याद्यांत नातं नसतं, आणि सगळ्यात मोठी फसगत होते ती इथेच.

नमुना म्हणून १८५०चं एक घर घेऊ. पुरुष ४२, जन्म व्हर्जिनिया. बाई ३८, केंटकी. मुलगा १६, इंडियाना. मुलगी ११, मिझुरी. धाकटा २, ऑरेगन. वयं १ जूनची धरायची असा नियम होता. म्हणजे हे कुटुंब १८३३-३४ला इंडियानात, १८३८-३९ला मिझुरीत आणि उशिरात उशिरा १८४८च्या वसंतापर्यंत ऑरेगनात. गाड्यांचे तांडे साधारण शरद ऋतूत पोचत, तेव्हा १८४७चा तांडा किंवा त्याआधीचा. वय सांगणारा शेजारीही असू शकतो, म्हणून दोनतीन वर्षांचा फरक पोटात घालावा. पण सोळा आणि अकरामधलं अंतर डोळ्यांत भरतं.

आता जमिनीची फाइल काढायची. २७ सप्टेंबर १८५०च्या कायद्याने १ डिसेंबर १८५०पर्यंत ऑरेगनात आलेल्या एकट्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४० एकर मिळत. त्यातले निम्मे बायकोच्या स्वतःच्या नावावर. चार वर्षं राहून जमीन कसायची अट होती. (ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यातली ही जमीन मूळनिवासी कलापुया लोकांची. त्यांच्याशी करार पक्के होण्याआधीच तिचं वाटप सुरू झालं होतं, हेही याच इतिहासात लिहायला हवं.) बायकोचा हक्क सिद्ध करायला लग्न सिद्ध करावं लागे. म्हणून राष्ट्रीय अभिलेखागारातल्या या फाइलींत दावेदाराचं जन्मवर्ष, जन्मस्थान, ऑरेगनला आल्याची तारीख, लग्नाची तारीख-ठिकाण आणि बायकोचं नाव सापडतं. एवढी माहिती सरकारी जमीन वसाहतकारांना देणाऱ्या १८६२च्या होमस्टेड कायद्याच्या फाइलीही बहुधा देत नाहीत.

आपल्या नमुन्यात लग्नाची तारीख निघाली जानेवारी १८३८, मिझुरी. मग इंडियानात जन्मलेला सोळा वर्षांचा मुलगा या लग्नाचा नाही. तो पहिल्या बायकोचा असेल, पुतण्या असेल, किंवा या बाईचा आधीच्या नवऱ्यापासूनचा. गणनाकार कधीकधी घरातल्या सगळ्यांना प्रमुखाचंच आडनाव लावून मोकळे होत.

१८४०च्या यादीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीच्यांचे वयोगटांत आकडे. मिझुरीत ‘५ ते १०’च्या रकान्यात एक मुलगा दिसला तर दुवा थोडा घट्ट होतो, सिद्ध होत नाही. मग इंडियानातल्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) १८२९ ते १८३३ची लग्नं तपासायची. त्याआधी त्या वर्षी काउंटीच्या हद्दी काय होत्या ते नकाशावर पाहायचं. काउंटीचे तुकडे झाले तरी जुनी दप्तरं मूळ काउंटीच्या कोर्टातच राहतात. एकाच नावाचे दोघे सापडले आणि एकाला ‘सीनियर’, दुसऱ्याला ‘ज्युनियर’ लावलेलं असलं, तरी ते बापलेक असतीलच असं नाही. गावात नाव एक आणि वय कमीजास्त, एवढाच कधीकधी त्याचा अर्थ. अशा वेळी जमिनीचे शेजारी, लग्नासाठी हमी देणारे जामीन आणि दस्तावरचे साक्षीदार यांची नावं लिहून ठेवावीत. माणसं सोयऱ्या-शेजाऱ्यांसह स्थलांतर करत, आणि इंडियानातला साक्षीदार ऑरेगनात बांधाला बांध लावून भेटतो.

निर्णायक कागद बहुतेकदा आजोळचा असतो. आईचा बाप वारला की मेलेल्या मुलीचा वाटा तिच्या मुलाच्या नावे निघतो, पालक नेमला जातो. त्या कागदात मुलाला ‘अनाथ’ म्हटलं म्हणून आईबाप दोघंही गेले असं समजू नये. कायद्याच्या भाषेत वडील वारलेलं मूलही अनाथच.

डीएनए चाचणी शेवटी. मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या घटकाच्या डीएनएचा वारसा आईकडून येतो आणि मुलगा तो पुढे देत नाही, म्हणून या मुलापाशी ती वाट संपते. आजोळ शोधायला उरतो आईबाप दोघांकडून येणारा साधा गुणसूत्री डीएनए. खापरपणजोबांचे आईवडील समान असलेल्या चुलत-मावस भावंडांत (इंग्रजीत ‘फोर्थ कझिन’) सुमारे निम्म्या जोड्यांत ओळखता येईल असा समान तुकडाच नसतो, तेव्हा एकाच वंशजाच्या चाचणीवर थांबू नये आणि सर्वांत वयस्करांची आधी करावी. मुलगा पहिल्या बायकोचा असेल तर त्याच्या वंशजांचे तुकडे अकरा वर्षांच्या सावत्र बहिणीच्या वंशजांशीही जुळतील आणि इंडियानातल्या आजोळाशीही. बहिणीच्या वंशजांचे मात्र त्या आजोळाशी जुळता कामा नयेत.