‘शव्ह’ची होडी, ‘पुश’ची नाडी

‘पुश’, ‘शव्ह’, ‘थ्रस्ट’. या तिन्हींना मराठीत आपण सर्रास ‘ढकलणे’ म्हणतो. अनुवाद करताना मला तो शब्द अनेकदा अपुरा पडला आहे. कुणी पत्र खणात ‘शव्ह’ केलं असेल आणि मी ‘ढकललं’ लिहिलं, तर अर्थ पोचतो, पण त्या हाताची बेफिकिरी हरवते. तिथे ‘कोंबलं’च हवं. हे बारकावे आले कुठून, ते पाहायचं तर हजार वर्षं मागे जावं लागतं, कारण ढकलण्याचे हे शब्द एका घरात जन्मलेले नाहीत.

‘शव्ह’ हा घरचा, सगळ्यांत जुना. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार साधारण ‘शूव्हन’ असा होई. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याचं एकच हस्तलिखित उरलं आहे, इ. स. 1000च्या आसपासचं. त्यात नायक समुद्रापलीकडे डेन लोकांच्या राजाच्या मदतीला निघतो. माणसं लखलखती शस्त्रं आणि चिलखतं होडीच्या पोटात ठेवतात आणि मग सगळे मिळून ती पाण्यात लोटतात. त्या लोटण्याला कवीने हेच क्रियापद वापरलं आहे. त्यात धसमुसळेपणा कुठेच नाही. आहे ती प्रवासाला निघालेल्यांची उमेद. जर्मनमधलं ‘शीबन’ हे त्याचंच भावंड, आणि फावड्याला इंग्रजीत ‘शव्हल’ म्हणतात तेही याच कुळातलं.

नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्कँडिनेव्हियातले लोक येऊन स्थायिक झाले. त्यांच्या भाषेतून ‘थ्रस्ट’ आला. हा एका दिशेने, जोर लावून, बहुधा काहीतरी भेदत जाणारा शब्द. तलवार खुपसणं म्हणजे ‘थ्रस्ट’, आणि रॉकेटला वर रेटणारा जोर तोही ‘थ्रस्ट’च.

1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं दरबारात फ्रेंचचा वरचष्मा राहिला. त्या काळात फ्रेंचमधून जे शेकडो शब्द इंग्रजीत शिरले, त्यांतलाच ‘पुश’. त्याचं मूळ लॅटिन ‘पुल्सारे’, म्हणजे पुन्हा पुन्हा आघात करणं. डॉक्टर मनगट धरून जी नाडी पाहतात ती ‘पल्स’ याच मुळाची. अंगातलं रक्त ढकलणारा तोच ठोका. मनात अचानक उठणारी ऊर्मी ‘इम्पल्स’, विमानाचा पंखा ‘प्रोपेलर’, शाळेतून काढून टाकणं ‘एक्स्पेल’ हे सगळे त्याचेच नातेवाईक. दारावर एका बाजूला ‘पुश’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पुल’ लिहिलेलं असतं. ते जोडीने जन्मलेले वाटतात, पण ‘पुल’ अस्सल जुना इंग्रजी आहे आणि ‘पुश’ फ्रान्समार्गे आलेला.

पाहुणा आला आणि घरच्याची जागा बदलली. रोजचं, साधं ढकलणं हळूहळू ‘पुश’कडे गेलं आणि ‘शव्ह’कडे उरला तो रांगडेपणा. मला यात ‘शव्ह’वर थोडा अन्याय झालेला दिसतो, पण त्याची जुनी माया पूर्ण आटलेली नाही. ब्रिटनमध्ये बाकावर जागा हवी असली की मित्र म्हणतो, ‘शव्ह अप’. त्यात धक्का नाही, ‘सरक की जरा’ म्हणतानाची सलगी आहे.

‘पुश’ मात्र कुठल्या कुठे पोचला. योजना ‘पुश’ करतात तेव्हा मराठीत ती रेटतात. स्वतःला सतत पुढे दामटणारा तो ‘पुशी’. ‘पुशिंग फॉर्टी’ म्हणजे चाळिशीला टेकलेला. प्रसूतीच्या खोलीतला ‘पुश’ तर आपल्याकडेही ऐकू येतो, आणि त्याच दमात सुईण किंवा नर्स ‘जोर लाव’ही म्हणते. तिथे ‘ढकल’ म्हणून बघा, कानाला लगेच खटकेल.

सतराव्या शतकात इंग्रजीत ‘नज’ हा शब्द दिसू लागतो. त्याच्यासाठी मराठीत फार दूर जायला नको, कोपरखळी आहेच. फक्त आपली कोपरखळी बरेचदा शब्दांनी मारलेली असते. 2008 साली अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांच्या ‘नज’ याच नावाच्या पुस्तकाने हा छोटा शब्द धोरणाच्या भाषेत नेला. सक्ती न करता, पर्यायांची मांडणी बदलून माणसाला एखाद्या निर्णयाकडे वळवायचं, अशी ती कल्पना. थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

इंग्रजीत काम करणारे मराठी लोक सगळ्यांत जास्त अडखळतात ते ‘पुश बॅक’पाशी. इंग्रजीत बैठक ‘पुश बॅक’ होते, म्हणजे नंतरच्या तारखेवर जाते. तीच बैठक मराठीत पुढे ढकलली जाते. ‘बॅक’ला ‘मागे’ ठेवून कुणी ‘बैठक मागे ढकलली’ लिहिलं, तर वाचणारा ठरलेल्या दिवसाआधीच हजर व्हायचा. एखाद्या निर्णयाला ‘पुश बॅक’ मिळाला तर तो विरोध. आणि विमानतळावर तो शब्दशः खरा असतो : दारं बंद होतात, पुढच्या चाकाला जोडलेला ठेंगणा ट्रॅक्टर घुरघुरतो आणि अख्खं विमान सावकाश मागे सरकू लागतं.