सातमाळ्याच्या खिंडी: एका डोंगररांगेची पार्श्वभूमी

सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण जाते, पण नाशिक जिल्ह्यात तिला पूर्वेकडे एक लांब फाटा फुटतो. अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, धोडप, इंद्राई, चांदवड, अणकाई-टणकाई असे डोंगर एकामागून एक येतात. पुढे हीच रांग अजिंठ्याचे डोंगर म्हणून थेट बुलढाण्याकडे जाते. पश्चिमेकडे तिला सातमाळा म्हणतात आणि जुन्या इंग्रजी कागदांत ती चांदोरची रांग म्हणून भेटते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून ही रांग कोरली गेली. मऊ थर झिजून उतार झाले, कठीण थरांचे उभे कडे राहिले. भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती तर आजूबाजूचं सगळं झडून गेल्यावरही उभ्या आहेत. धोडपच्या माथ्याला लागून अशीच एक सरळसोट भिंत आहे. तिच्यात चौकोनी खाच आहे, तिच्यामुळे धोडप कितीतरी लांबून ओळखता येतो.

रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस गिरणा, वाघूर यांच्यातून तापीला मिळतो आणि अरबी समुद्रात जातो. दक्षिणेला पडलेला शिवना, पूर्णा यांच्यातून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात. खानदेश आणि मराठवाडा यांच्यातली सीमाही बऱ्याच ठिकाणी याच धारेला धरून आहे. सातमाळा म्हटलं की आपण किल्ल्यांची नावं मोजतो. पण मला वाटतं, या रांगेचा इतिहास माथ्यांपेक्षा खिंडींनीच जास्त घडवला. डोंगर जिथे वाट देतो, तिथेच व्यापारी, भिक्खू आणि फौजा आल्या.

चाळीसगाव-कन्नडच्या मध्ये, डोंगरकडेच्या पितळखोऱ्यात इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या खांबांवर दात्यांची नावं कोरली आहेत. त्यात पैठणचा मितदेव नावाचा एक गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. पैठणहून या डोंगरापर्यंत व्यापाराची वाट केव्हापासून चालू होती, हे त्या एका नावावरून कळतं.

लेण्यांखाली, खानदेशच्या अंगाला पाटणे गाव आहे. या रांगेतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं ठिकाण हेच. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ, सिद्धान्तशिरोमणी त्यांत पहिला, शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके 1128 मध्ये, म्हणजे इ.स. 1206-07 च्या सुमारास, मठाला दान दिलं. शिलालेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील येतो तिथे भाषा मराठी होते. बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा हक्क किती, हे त्यात सांगितलं आहे आणि दर तेलघाण्यामागे पळी पळी तेल द्यायला लावलं आहे. ज्ञानेश्वरीच्या आठ दशकं आधीची ही मराठी आहे, आणि ती बाजारातल्या माणसाला समजावी म्हणून कोरलेली आहे.

मराठेशाहीत या खिंडींना वेगळंच महत्त्व आलं. ऑक्टोबर 1670 मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजी महाराज बागलाणातून परतत होते. लुटीनिशी घरी पोचायचं तर सातमाळा ओलांडणं भाग होतं. मोगल सरदार दाऊदखान हे ओळखून बुऱ्हाणपुराहून चांदवडला आला. महाराजांनी लूट पुढे काढून दिली आणि कांचन खिंडीच्या दक्षिणेला, वणी-दिंडोरीच्या पट्ट्यात मोगलांना तोंड दिलं. मोगलांच्या आघाडीवरचा इखलासखान घायाळ झाला. मराठे जिंकले, ते उघड्या मैदानात समोरासमोर लढून. फक्त छाप्यांवर जगणारी फौज हा समज या लढाईने खोटा ठरवला.

पुढे 1768 मध्ये धोडपवर घरचीच लढाई झाली. माधवराव पेशव्यांनी बंड करणाऱ्या रघुनाथरावांना इथे शरण यायला लावलं आणि पुण्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

1818 मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. हे किल्ले पुन्हा कुणी लढवू नयेत म्हणून त्यांनी बऱ्याच गडांच्या कातळकोरीव पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. राजदेहेरवर चढताना ते तुटलेलं टोक समोर येतं. खालपर्यंत घडीव पायऱ्या, मग एकदम कोरा कडा. तिथे आता लोखंडी शिडी आहे.

किल्ले ओस पडले, खिंडी मात्र वाहत्या राहिल्या. अणकाई-टणकाईच्या पायथ्यावरून मनमाड-दौंड रेल्वे जाते. कन्नडचा घाट आजही औट्रम घाट म्हणून ओळखला जातो. 1825 पासून खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं ते नाव. 31 ऑगस्ट 2021 ला याच धारेवर प्रचंड पाऊस झाला. घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला, आणि उत्तरेला उतरलेल्या पाण्याने तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन तो चाळीसगावात शिरला.