ट्रेल रनिंग क्लब : डोंगरवाटांवरील सराव आणि शर्यती

डोंगरातल्या कच्च्या पायवाटा, कातळ, घसारा, गवताळ उतार आणि जंगलवाटा यांवरून धावण्याच्या क्रीडाप्रकाराला ट्रेल रनिंग म्हणतात. असा सराव गटाने करणारी, नवख्यांना डोंगरात धावायला शिकवणारी आणि शर्यतींत संघ उतरवणारी संस्था म्हणजे ट्रेल रनिंग क्लब. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनेच्या (आयट्रा) व्याख्येनुसार शर्यतीच्या मार्गात डांबरी वा फरसबंद रस्ता २० टक्क्यांहून अधिक नसावा. जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने २०१५ मध्ये या प्रकाराला मान्यता दिली. डोंगरी धावेची जागतिक स्पर्धा मात्र १९८५ पासूनची आहे. दोन्हींची एकत्रित जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा २०२२ मध्ये थायलंडमधील चिआंग माई येथे झाली. ब्रिटनमधील ‘फेल रनिंग’ची (तिथल्या उघड्या डोंगरांवरून धावण्याची) क्लब-परंपरा याहून जुनी असून तेथील फेल रनर्स असोसिएशन १९७० पासून काम करते.

मोजमाप : सपाट रस्त्यावर ‘किलोमीटरला किती मिनिटे’ हा हिशेब पुरतो; डोंगरात तो फसवा ठरतो. म्हणून आयट्राने ‘किलोमीटर-एफर्ट’ हे माप रूढ केले : किलोमीटरमधील अंतरात एकूण चढाईचे (मीटरमध्ये) शंभराने भागून आलेले उत्तर मिळवायचे. ३० किमी अंतर आणि १,८०० मी. चढाई असलेली शर्यत ३० + १८ = ४८ एफर्टची होते. ४५ ते ७४ एफर्टच्या शर्यती ‘एस’ गटात, ७५ ते ११४ च्या ‘एम’ गटात आणि २१० व त्यापुढच्या ‘डबल-एक्सएल’ गटात येतात. क्लबमध्ये गट पाडताना धावपटूचा रस्त्यावरचा वेग न पाहता तो तासाला किती एफर्ट पार करतो हे पाहावे. रस्त्यावर सारख्या वेगाचे दोघे डोंगरात तासाभराच्या अंतराने पोहोचू शकतात. या मापात उतार मोजला जात नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.

चढाचा सराव : ३० किमी आणि १,८०० मी. चढाईच्या पहिल्या शर्यतीसाठी, सपाटीवर १० किमी सहज धावू शकणाऱ्याने सुमारे १६ आठवडे हाताशी ठेवावेत. आठवड्यात चार धावा पुरतात. एक दिवस ८ ते १२ टक्के चढावर (म्हणजे १०० मी. अंतरात ८ ते १२ मी. उंची) तीन-तीन मिनिटांच्या सहा ते आठ जोरदार फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर सावकाश खाली येणे. दोन दिवस ४० ते ६० मिनिटांची हलकी धाव. सुट्टीच्या दिवशी दीड तासापासून वाढवत साडेतीन तासांपर्यंतची लांब धाव. लांब धाव वेळेत मोजावी, अंतरात नाही. तीन आठवडे भार वाढवून चौथ्या आठवड्यात तो सुमारे एक तृतीयांशाने उतरवावा. तीव्र चढावर चालणे ही हार नव्हे : साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या पुढे बहुतेकांना तितक्याच वेगाने चालणे धावण्याहून स्वस्त पडते. हाताचे तळवे मांडीवर, गुडघ्याच्या थोडे वर टेकून, पाठ सरळ ठेवून, आखूड पावलांनी चढण्याचा वेगळा सराव करावा. कमरेतून वाकले की श्वास अपुरा पडतो आणि पाठ भरून येते.

उताराचा सराव : बहुतेक क्लब चढावर घाम गाळतात आणि उतार हा चढाचा मोबदला मानून सोडून देतात. शर्यती मात्र उतारावरच हरल्या जातात. संशोधक मिनेत्ती आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधील प्रयोगात धावण्याचा ऊर्जाखर्च सुमारे २० टक्के उतारावर सर्वांत कमी आढळला. म्हणजे दम लागण्याचे कारण तिथे उरत नाही. झीज होते ती स्नायूंची. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावतो आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो. त्यातून तंतूंना सूक्ष्म इजा होते, दुखणे एक ते तीन दिवसांत कळसाला पोहोचते आणि स्नायूची ताकद काही दिवस घटलेली राहते. सराव नसलेला धावपटू शर्यतीच्या दुसऱ्या मोठ्या उतारावर पाय लटपटू लागले की घसरतो, त्याचे मूळ इथे असते.

सुदैवाने स्नायू हे फार लवकर शिकतो. उताराच्या एकाच बेताच्या सत्रानंतर पुढच्या तशाच सत्रातली इजा लक्षणीय कमी होते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून सुरुवात ८ ते १० टक्क्यांच्या सुरक्षित उतारावर दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांनी करावी, पुढचे सत्र दहा दिवसांनी घ्यावे, मग उतार आणि वेळ आलटून-पालटून वाढवावा. दोन्ही एकदम वाढवू नयेत. शेवटचे कडक सत्र शर्यतीच्या १० ते १४ दिवस आधी. शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण भार निम्म्यावर आणावा, पण थोडा उतार चालू ठेवावा.

तंत्रात सर्वांत सामान्य चूक भीतीतून येते : धावपटू मागे रेलतो, टाच रोवतो. मग वजन पावलाच्या मागे राहते, बुटाच्या तळाची पकड सुटते आणि तो पाठीवर आपटतो. कंबर पावलांच्या वर, गुडघे किंचित वाकलेले, पावले आखूड आणि जलद, हात बाजूला मोकळे, नजर पायाशी न ठेवता तीन ते पाच मीटर पुढे. ओल्या मुळांवर आणि शेवाळलेल्या कातळावर वळू नये, ब्रेकही लावू नये. सरळ, हलके पाऊल टाकून पार व्हावे. घसाऱ्यावर पाय थोडा घसरू द्यावा, त्याला अडवू नये. तिथे एकाच्या थेट खाली दुसऱ्याने धावायचे नाही, आणि दगड सुटला की सुटलेला दगड कितीही लहान असला तरी ‘दगड!’ अशी मोठ्याने हाक द्यायची.

गटाची शिस्त : सहा ते आठ जणांमागे वाट माहीत असलेला एक म्होरक्या, आणि सर्वांत मागे एक अनुभवी ‘स्वीपर’. निघताना, प्रत्येक फाट्यावर आणि परतल्यावर मोजदाद. एक चूक मात्र नेहमी होते : पुढचे धावपटू फाट्यावर थांबून विश्रांती घेतात आणि शेवटचा पोहोचताच निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज त्यालाच ती मिळत नाही. यावर उपाय म्हणजे पुढच्यांनी ठराविक वेळाने उलटे वळून शेवटच्यापर्यंत यायचे. त्यांची धाव लांबते, गट तुटत नाही. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वी ठरवावी, आणि ती ठरवताना कुणाचा पाय मुरगळला तर चालत किती वेळ लागेल हे धरावे. त्यासाठी १८९२ चा नेस्मिथचा नियम अजूनही कामाला येतो : दर ५ किमीला एक तास, अधिक दर ६०० मी. चढाईला एक तास. जखमी माणसासाठी हा आकडा दुप्पट धरलेला बरा.

साहित्य : बुटाच्या तळाचे खिळे (पकडीसाठीचे रबरी उंचवटे) ४ ते ६ मिमी, त्याहून खोल खिळे चिखलात उत्तम, कठीण कातळावर डळमळतात. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. जलरोधक जॅकेट, बचाव-चादर, शिट्टी, चार्ज केलेला फोन, हेडलॅम्प, किमान एक लिटर पाणी आणि मार्गाचा ऑफलाइन नकाशा हे छोट्या धावेतही पाठीवर असावे. उंचीगणिक तापमान हजार मीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, आणि घामाने भिजलेल्या, थांबलेल्या माणसाला वारा लागला की शरीराचे तापमान झपाट्याने घसरते. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातील १०० किमी शर्यतीत अचानक आलेल्या थंड पाऊस-वाऱ्याने २१ धावपटूंचा बळी घेतला. तिथे वारारोधक जॅकेट सक्तीचे नव्हते. सक्तीच्या यादीतून वजन वाचवण्यासाठी वस्तू वगळू देणारा क्लब सदस्यांशी प्रामाणिक नाही. मदतीचा संकेत : मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी द्यायचे.

खाणे-पिणे : दीड तासाच्या पुढच्या धावेत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, फार लांब शर्यतींत ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या मिश्रणातून ९० ग्रॅमपर्यंत, पण आतड्याला आठवडेच्या आठवडे सवय लावून. खाणे चढावर चालताना उरकावे. उतारावरच्या धक्क्यांत पोट बिघडते. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी सतत पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम खाली जाते. बोटे सुजणे, मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे निर्जलीकरणासारखी भासतात, आणि अशा माणसाला आणखी पाणी पाजणे जिवावर बेतू शकते.

शर्यत : सुरुवातीच्या रुंद रस्त्यानंतर एकेरी पायवाट लागते आणि तिथे कोंडी होते, ती टाळण्यासाठी सुसाट सुटणारे पहिल्याच चढावर जळून जातात. पहिल्या तृतीयांशात पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर लावावा. मागून येणाऱ्याने ‘उजवीकडून’ किंवा ‘डावीकडून’ असे आधी सांगावे, पुढच्याने सुरक्षित जागा येताच वाट द्यावी. काही मिनिटे खूणपट्टी दिसली नाही तर पुढे अंदाजाने न जाता शेवटच्या दिसलेल्या पट्टीपर्यंत मागे यावे. वाटेतल्या प्रत्येक ठाण्याची कट-ऑफ वेळ (तोवर न पोहोचणारा बाद होतो) हातावर किंवा बिबच्या, म्हणजे छातीवरच्या क्रमांकपट्टीच्या, मागे लिहून ठेवावी. जखमी धावपटूपाशी थांबणे हा बहुतेक शर्यतींत नियमच असतो. संघाचे गुण कुठे पहिल्या तिघांच्या क्रमांकांवरून, कुठे वेळांच्या बेरजेवरून ठरतात. त्यामुळे तिसऱ्या धावपटूची चाल पहिल्याइतकीच मोलाची असते.

शर्यत अर्धवट सोडणाऱ्याने जवळच्या ठाण्यावर बिब दाखवून नोंद करायची आणि क्लबच्या प्रमुखालाही कळवायचे. न सांगता घरी गेलेल्या एका धावपटूसाठी बचाव पथक रात्री डोंगरात उतरते, म्हणून अनेक आयोजक अशा धावपटूला पुढच्या शर्यतीत प्रवेश नाकारतात.