'रन'चा पसारा आणि मुंबईची मराठी

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली, तेव्हा सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. कोशाचं फेरसंपादन सुरू झालं आणि २०११ मध्ये हा मान 'रन'कडे गेला. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर हे संपादक त्या एका शब्दापायी नऊ महिने अडकून पडले होते. माणूस धावतो, नाक वाहतं, दुकान चालतं, कपड्याचा रंग जातो, रस्ता वळण घेत जातो, वेळ संपते, ताप चढतो, जाहिरात छापली जाते. इंग्रजी या सगळ्यांना कुठे एकट्या 'रन'वर, तर कुठे त्याला एखादा चिमुकला शब्द जोडून भागवते. शाळेत 'रन म्हणजे धावणे' एवढंच घोकलेला मुलगा पुढे गोंधळतो, त्यात नवल नाही.

धावणे हा या शब्दाचा एकुलता मूळ अर्थ नव्हेच. जुन्या इंग्रजीत त्याची 'रिन्नन' आणि 'इर्नन' अशी रूपं होती. त्याच कुळातला जर्मन 'रिनेन' आजही पाणी वाहण्यासाठी वापरतात. त्यामुळे इंग्रजीत नदी 'रन' होते ती काही कवीची करामत नाही, तो शब्दाचा जुना संसार आहे. आपल्याकडेही तेच. संस्कृत 'धाव्' म्हणजे धावणे आणि वाहणे. त्याच रूपाच्या दुसऱ्या धातूचा अर्थ धुणे. दंतधावनात कुणी धावत नाही, ते या दुसऱ्या धातूमुळे.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत एका जातीच्या क्रियापदांबद्दल तक्रार केली आहे: अर्थ इतके सैल की त्यांना व्याख्येत बांधणं कठीण. त्या यादीत 'गो', 'गेट', 'टेक' यांच्या जोडीला 'रन' आहे. तोवर वाफेच्या रेल्वेचा पत्ता नव्हता. खरी फुगवट आली ती पुढच्या दीड-दोनशे वर्षांत. इंजिन 'रन' होऊ लागलं, मग गिरणी, मग वेळापत्रकाची गाडी, मग गिरणीचा मालक ती 'रन' करू लागला आणि मागोमाग कचेऱ्या, संस्था, सरकारंही. काम करत राहणारी कुठलीही यंत्रणा इंग्रजीत धावू लागली.

नेमक्या त्याच काळात मुंबईत कोशकारांची लगबग चालू होती. व्हान्स केनेडी याचा मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी अशा दोन्ही दिशांचा कोश इथे १८२४ मध्ये निघाला. मोल्सवर्थने कँडी बंधू आणि पंडितांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणला. उलट्या दिशेचं, म्हणजे इंग्रजी-मराठीचं, काम त्यानेच सुरू केलं, पण प्रकृतीने साथ दिली नाही. ते थॉमस कँडीने १८४७ मध्ये तडीस नेलं. माझ्या मते या दुसऱ्या दिशेचं काम जास्त जाचक. मराठी शब्दाला इंग्रजीत समजावून सांगता येतं, पण 'रन'सारख्या शब्दासमोर एकच मराठी शब्द ठेवून चालत नाही. गळणे, वाहणे, पळणे, जाणे, संपणे, चालवणे अशी पलटणच उभी करावी लागते.

या पलटणीत सर्वांत ओझं वाहतं ते 'चालणे'. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली उभारायला घेतली. तेव्हापासून गिरणी 'चालते' किंवा 'बंद पडते'. धावत मात्र नाही. घड्याळ चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, फाटकी नोट चालत नाही आणि 'चालेल' एवढ्यावर या शहरातले निम्मे व्यवहार मिटतात. इंग्रजाचं यंत्र पळतं, आपलं चालतं. चालण्याला मराठीत आधीच सातत्याचा अर्थ होता, म्हणून यंत्रयुगासाठी नवं क्रियापद शोधावं लागलं नाही.

अपवाद रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ३४ किलोमीटर. वेगाने जाणाऱ्या गाडीला धावणे शोभतंच. पण 'गाड्या वीस मिनिटं उशिराने धावत आहेत' हे वाक्य नीट ऐका. त्यातली एखादी गाडी सिग्नलला खिळून उभी असते, तरी ती 'धावत' असते! हे धावणे पायांचं नाही, वेळापत्रकाचं आहे. 'रन'चा तो अर्थ मराठीने रेल्वेसोबत जसाच्या तसा उचललेला दिसतो. गार्ड-मोटरमन ड्यूटीच्या मध्ये जिथे पाठ टेकतात त्या खोलीला रेल्वेत 'रनिंग रूम' म्हणतात. झोपायची जागा आणि नाव हे. 'रनिंग स्टाफ'ची, म्हणजे चालत्या गाडीवर काम करणाऱ्यांची खोली म्हणून ती रनिंग रूम, एवढंच.

मैदानावर मात्र गोष्ट वेगळी घडली. इंग्लंडात क्रिकेटच्या १७४४ च्या नियमांत मोजायची वस्तू 'रन' नव्हती, 'नॉच' होती. गुणलेखक काठीवर खाच पाडत, म्हणून खेळाडू खाच 'धावून काढायचा'. पुढे खाच गेली आणि तिच्यासाठीचं धावणंच मोजमाप झालं. मुंबईत पारशांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, त्यानंतर हिंदू, मुसलमान संघ आले, चौरंगी-पंचरंगी सामने रंगले आणि खेळ मराठी घरांत शिरला. त्याला मराठी शब्द मिळाले ते वर्तमानपत्रं आणि रेडिओमुळे. बाळ ज. पंडित यांचं मराठी समालोचन आणि महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकरांनी सांभाळलेलं क्रीडापान यांचा ही परिभाषा रुळवण्यात मोठा वाटा. 'रन'ची धाव झाली, मग धावसंख्या, धावफलक, धावगती. 'रन आउट'चा धावचीत झाला तो तर फार सुरेख, कारण त्यातला 'चीत' थेट कुस्तीच्या आखाड्यातून आला. पायचीत, यष्टीचीत, त्रिफळाचीत ही त्याचीच भावंडं.

एक गंमत मात्र राहिली. मराठीत 'धावा' आधीपासून होता, देवाचा. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला. फलंदाज धावा करतो. एकवचन-अनेकवचनाने अर्थ बदलतो आणि शेवटच्या षटकात दोन्ही एकदमच चालतात. शिवाजी पार्कावरची पोरं मात्र अजून 'दोन रन काढ' असंच ओरडतात. 'दोन धावा काढ' म्हणणारा गडी मला तरी तिथे भेटलेला नाही.

समानार्थी शब्दांचं थोडक्यात. पीटर मार्क रोजे याने १८५२ च्या आपल्या इंग्रजी समानार्थी कोशात (थिसॉरस) शब्द अकारविल्हे न लावता कल्पनांनुसार लावले. तशा गटात 'रन'भोवती दिसतात ते बरेचसे परके पाहुणे: 'गॅलप' आणि 'ट्रॉट' फ्रेंचकडून, 'रेस' नॉर्सकडून. आपल्याकडे 'पळणे' संस्कृत पलायनाच्या घरचं, म्हणून त्याला भीतीचा वास आहे: पळ काढणे, पळपुटा. धूम ठोकणे, पोबारा करणे हेही त्याच रांगेत. उलट 'धाव घेणे' मदतीसाठी असतं, मग ती कोर्टात घेतलेली का असेना. 'जॉग'ला मराठीने शब्दच शोधला नाही. व्यायामाचं जॉगिंग १९६०च्या दशकात न्यूझीलंड-अमेरिकेत फोफावलं आणि मरीन ड्राइव्हवर आलं ते जॉगिंग म्हणूनच. २००४ पासूनची मुंबई मॅरेथॉनही तशीच नावासकट आली.

निवडणुकीत तर 'रन' मुंबईला पोचलाच नाही. १८७२ च्या कायद्याने शहराच्या करदात्यांना नगरसेवक निवडायचा हक्क मिळाला, तोही ब्रिटिश वळणाने. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, इंग्लंडात 'स्टँड' करतो. मराठीत तो उभा राहतो, आणि उभ्या-उभ्याच निवडणूक लढवतो.