देवळाबाहेर पडलेल्या तीन देवता: 'थ्री ग्रेसेस'च्या वादाची पार्श्वभूमी

इटालियन शिल्पकार कानोव्हाच्या 'थ्री ग्रेसेस'च्या, म्हणजे ग्रीक पुराणातल्या तीन देवतांच्या शिल्पाच्या, संगमरवरी प्रती दोन. वाद झाला तो दुसरीवरून: ती ब्रिटनबाहेर अमेरिकेत जाऊ द्यायची की नाही. पहिली नेपोलियनच्या घटस्फोटित पत्नीने, जोसेफिनने, करायला सांगितली होती. १८१४ च्या मे महिन्यात ती वारली आणि शिल्प तिच्या मुलाकडे गेलं. पुढे त्याच्या वंशजांची सोयरीक रशियाच्या राजघराण्याशी जुळली, त्यामुळे ही प्रत आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. तिची कथा इथेच संपते.

इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या सहाव्या ड्यूकने रोममधल्या कानोव्हाच्या कार्यशाळेत हे काम पाहिलं. पहिलीच प्रत विकत घेण्याचा त्याचा प्रयत्न होता. ते जमेना तेव्हा त्याने दुसरी करायला सांगितली. ती १८१७ मध्ये पूर्ण झाली आणि १८१९ मध्ये ड्यूकच्या वोबर्न ॲबी या वाड्यात बसवली गेली. दोन्हींत फरक बारीक आहेत. पहिलीत मुलींच्या मागे चौकोनी खांब आहे, दुसरीत गोल. बाकी तीन डोकी एकमेकींना जवळजवळ टेकलेली आणि तिघींना गुंतवून घेणारं एकच उपरणं, हे दोन्हीकडे सारखंच.

वादाचं मूळ मात्र शिल्पाच्या जागेत आहे. ड्यूकने ते दिवाणखान्यात ठेवलं नाही. वाड्याच्या शिल्पदालनाला लागून खास 'टेंपल ऑफ द ग्रेसेस' बांधून घेतलं, तेही वायटव्हिलसारख्या नावाजलेल्या वास्तुविशारदाकडून. शिल्प बैठकीवर असं बसवलं होतं की ते फिरवता यावं. पाहुण्याने जागचं हलायचं नाही, देवतांनीच पाठ आणि पोट दाखवायचं! उमरावी थाट म्हणायचा. पण हीच फिरती बैठक दीडशेहून अधिक वर्षांनी मालकांच्या उपयोगी पडली.

१९८० च्या दशकात वाड्याच्या विश्वस्तांनी शिल्प विकायला काढलं. देशातल्या सार्वजनिक संग्रहासाठी ते घ्यावं म्हणून आधी बोलणी झाली, ती फिसकटली, आणि शिल्प परदेशात नोंदणी झालेल्या एका कंपनीकडे गेलं. वोबर्नची इमारत संरक्षित यादीत होती. अशा इमारतीचा भाग हलवायचा तर परवानगी लागते. मग शिल्प हे देवळाचा भाग, की देवळात ठेवलेलं सामान? भिंतीत बसवलेली लाकडी फळ्यांची नक्षी किंवा चुन्यात जडवलेली शेकोटी इमारतीची धरली जाते, टेबल-खुर्च्या धरल्या जात नाहीत. इंग्रजी कायदा यासाठी दोन गोष्टी तपासतो: वस्तू इमारतीला किती पक्की जोडली आहे, आणि ती तिथे इमारतीसाठी आणली की स्वतःसाठी ठेवली. पहिल्या कसोटीवर मालकांची बाजू भक्कम होती, कारण जे हाताने फिरतं ते जडवलेलं कसं म्हणायचं? दुसऱ्या कसोटीवर गाडी अडायला हवी होती. अख्खं देऊळ ज्या मूर्तीसाठी बांधलं ती मूर्ती देवळाची नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही गुरवाला पटणार नाही. पण सरकारने निर्णय दिला की शिल्प इमारतीचा भाग नाही. माझ्या मते पुढचा सगळा घोळ या एका निर्णयाने ओढवून घेतला. शिल्प वोबर्नमध्ये ठेवून घेण्याचा कायदेशीर मार्ग बंद झाला आणि निर्यात परवाना अडवणं एवढंच सरकारच्या हाती उरलं.

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका श्रीमंत संग्रहालयाने ७६ लाख पौंडांना सौदा ठरवला. ब्रिटनमध्ये परदेशी जाणाऱ्या अशा वस्तूंना १९५२ पासूनचे निकष लागतात: देशाच्या इतिहासाशी जवळचा संबंध, असामान्य कलामूल्य, अभ्यासासाठी खास महत्त्व. यातला एक जरी लागू पडला तरी परवाना काही काळ रोखून देशातल्या खरेदीदाराला संधी देतात. तोवर प्रघात असा की बरोबरीची बोली सार्वजनिक संस्थेकडूनच यावी. दोन धनाढ्य भाऊ तेवढीच रक्कम घेऊन पुढे आले आणि १९९० मध्ये सरकारने खासगी बोलीही धरायचं ठरवलं. डाव अर्ध्यावर असताना नियम बदलला, अशी टीका झाली आणि ती गैर नव्हती. त्यात भावांनीही शेवटी अंग काढून घेतलं.

१९९४ मध्ये पुन्हा तेच. परवाना रोखण्याची मुदत संपत आली, पैसे पुरेसे नव्हते, तेव्हा सरकारने तीन महिने वाढवून दिले. अमेरिकी संग्रहालय कोर्टात गेलं आणि हरलं. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि स्कॉटलंडची राष्ट्रीय कलादालनं यांनी मिळून तेच ७६ लाख उभे केले. त्यांतले दहा लाख त्या अमेरिकी संग्रहालयाच्या संस्थापकाच्या मुलाने दिले होते. बापाच्या संस्थेविरुद्ध मुलाची थैली!

'देशाचा वारसा' ही हाक या मोहिमेत सारखी दिली गेली. देवता ग्रीक, दगड इटलीचा, शिल्पकार व्हेनिसच्या मुलुखातला, पहिली मागणी फ्रान्सची. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट ज्या लंडनमध्ये आहेत तिथूनच ही हाक यावी हे भारतीय वाचकाला खटकणारच. आणि नेपोलियनने लुटून नेलेल्या कलाकृती पोपच्या वतीने परत आणायला १८१५ मध्ये पॅरिसला गेला होता तो कानोव्हाच.

शिल्प तेव्हापासून या दोन्ही संस्थांच्या सामायिक मालकीचं आहे. 'इमारतीचा भाग कोणता' हा प्रश्न मात्र सुटला नाही. २०२० मध्ये बागेतल्या शिशाच्या दोन कलशांवरून तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मालकाने ते २००९ मध्ये लिलावात विकून टाकले होते. कलशांचा आकार, कायमपणा आणि जोडणी पाहून नव्याने ठरवा, असं सांगत न्यायालयाने प्रकरण माघारी धाडलं.