व्हिम आणि जीव्हिम: एडिटर एकच, खिडकी कोणाची?

महापेच्या आमच्या ऑफिसात नवी मुलं रुजू झाली की पहिल्या आठवड्यात कोणीतरी हमखास येऊन सांगतं, "सर, सर्व्हरवर व्हिम चालतं, पण जीव्हिम उघडतच नाही. इन्स्टॉल करून द्यायला सांगू का?" व्हिम म्हणजे मजकूर आणि कोड लिहायचा एडिटर. स्क्रीनवर ई२३३ ही एरर असते: डिस्प्ले उघडता आला नाही. जीव्हिम तिथे असतंच. चित्र कुठे काढायचं एवढंच त्याला कळलेलं नसतं.

'व्हिम साधं आणि जीव्हिम म्हणजे त्याची भारी आवृत्ती' हा समज आधी सोडायला हवा. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे आणलेला तो एकच एडिटर आहे. उबंटूसारख्या लिनक्सवर जीव्हिमचं पॅकेज घेतलं, की दोन्ही नावं एकाच प्रोग्रॅमकडे जातात. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली हे तो सुरू होताना बघतो आणि नावाची सुरुवात 'जी'ने असेल तर स्वतःची खिडकी उघडतो. कमांड त्याच, मोड तेच. फरक एवढाच, की साधं व्हिम टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या प्रोग्रॅमच्या, खिडकीत भाडेकरू असतं आणि जीव्हिमचं घर स्वतःचं असतं.

या भाडेकरूपणाचे परिणाम मात्र पावलोपावली दिसतात. टर्मिनलमधल्या व्हिमला फक्त अक्षरं पाठवता आणि घेता येतात. फाँट टर्मिनलचा, रंग टर्मिनलचे, कीबोर्डही टर्मिनलने गाळून दिलेला. टॅब आणि कंट्रोल-आय त्याला सारखेच दिसतात, कारण टर्मिनल दोन्हींसाठी एकच अक्षर पाठवतं. विंडोजवरून आलेली मुलं सवयीने कंट्रोल-एस दाबतात. जुन्या सर्व्हरवरच्या जुन्या व्हिममध्ये त्याने स्क्रीन जागच्या जागी थिजते. घाबरून खिडकी बंद करू नका, कंट्रोल-क्यू दाबा. ती टर्मिनलची 'थांब' आणि 'चालू' ही टेलिप्रिंटरच्या काळातली खूण आहे. जीव्हिममध्ये असलं काही होत नाही, तिथे मध्ये टर्मिनलच नाही.

सगळ्यात जास्त त्रास कॉपी-पेस्टचा. उभी दुभंगलेली स्क्रीन आहे, डावीकडे एक फाईल, उजवीकडे दुसरी, बाजूला ओळींचे आकडे. टर्मिनलमध्ये माऊसने चार ओळी निवडल्या, की आकडे येतात आणि शेजारच्या फाईलचा मजकूरही येतो. टर्मिनलला त्या फाईली दिसतच नाहीत, त्याच्या लेखी ती एक सलग पाटी आहे. जीव्हिममध्ये निवड एडिटर स्वतः करतो, म्हणून नेमका मजकूर येतो. टर्मिनलमध्ये हेच हवं असेल तर माऊसचा पर्याय 'ए'वर ठेवा आणि मजकूर + रजिस्टरमध्ये, म्हणजे क्लिपबोर्डला जोडलेल्या व्हिमच्या कप्प्यात, उचला. पण त्याआधी 'व्हिम --व्हर्जन' चालवून क्लिपबोर्ड या शब्दाच्या आधी अधिक आहे की उणे ते बघा. डेबियन आणि उबंटूच्या साध्या व्हिम पॅकेजात तिथे उणे असतं. मग रजिस्टर कितीही वापरा, बाहेर काही जात नाही.

आता त्या ई२३३ कडे. लिनक्सवर खिडक्या काढणाऱ्या, १९८७ पासून चालत आलेल्या एक्स११ मध्ये नावांची अदलाबदल झाल्यासारखी वाटते आणि इथेच भले भले अडतात. खिडक्या काढणारा 'सर्व्हर' तुमच्या टेबलावर असतो. ज्याला आपण ऑफिसात सर्व्हर म्हणतो, त्या लांबच्या मशीनवरचं जीव्हिम हे त्याचं गिऱ्हाईक. त्याला दुकानाचा पत्ता लागतो आणि तो डिस्प्ले नावाच्या व्हेरिएबलमध्ये असतो. नुसतं एसएसएच केलं, म्हणजे टर्मिनलमधून लांबच्या मशीनवर लॉगिन केलं, तर ते रिकामं राहतं. मोठ्या एक्सचा पर्याय (-X) लावून एसएसएच केलं आणि समोरच्या मशीनवर त्याला परवानगी असली, की तिथे 'लोकलहोस्ट:१०.०' असं काहीतरी भरलं जातं आणि खिडकी तुमच्या टेबलावर उघडते. टर्मिनलमधल्या व्हिमला यातलं काही लागत नाही, चित्र काढायचं काम तुमचं टर्मिनल आधीच करतंय.

ऑफिसच्या जाळ्यावर हे छान चालतं. घोडबंदर रोडवरच्या घरातून नाही. प्रत्येक स्क्रोलला खिडकीचं चित्र लाइनवरून यावं लागतं आणि बोट की-वरून उचलल्यावरही ओळी सरकत राहतात. एका पावसाळी संध्याकाळी घरची वीज गेली, राउटर बंद पडला आणि महापेच्या मशीनवरून उघडलेलं माझं जीव्हिम संपलं. खिडकी काढणारा गेला की गिऱ्हाईकही जातं. स्वॅप फाईल होती म्हणून काम वाचलं: व्हिम साधारण २०० अक्षरांनंतर किंवा ४ सेकंद हात थांबला की त्यात नोंद करतं, आणि 'व्हिम -आर'ने ते परत मिळतं. पण उघडलेल्या फाईली आणि अनडूचा इतिहास गेला. त्या दिवसापासून लांबच्या मशीनवर मी टीमक्स या टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साधं व्हिमच उघडतो. लाइन तुटली तरी ते तिकडे जिवंत राहतं, परत जोडलं की कर्सर जिथे होता तिथेच.

जीव्हिमची आणखी एक सवय माहीत नसली तर तास जातो. सुरू झाल्या झाल्या ते टर्मिनलपासून वेगळं होतं आणि प्रॉम्प्ट लगेच परत येतो. कोडमधल्या बदलांची (कमिटची) संदेशासह नोंद ठेवणाऱ्या गिटला तुम्ही एडिटर म्हणून नुसतं जीव्हिम दिलं असेल, तर गिटला वाटतं लिहून झालं. तुम्ही संदेशाचा पहिला शब्द टाइप करत असता आणि मागे टर्मिनलवर 'संदेश रिकामा, कमिट रद्द' अशा अर्थाची ओळ आलेली असते. 'जीव्हिम -एफ' द्या, म्हणजे ते खिडकी बंद होईपर्यंत थांबतं.

आपल्या टेबलावरच्या मशीनवर दिवसभर कोड लिहायचा असेल तर मी जीव्हिमच सुचवेन, खास करून नवख्यांना. मेनूत कमांडशेजारी तिची की लिहिलेली असते, शिकायला त्यासारखं काही नाही. मराठी मजकुरासाठी मात्र दोन्हींकडून आशा धरू नका. दोघंही अक्षरं ठरावीक रुंदीच्या चौकटींत बसवतात, त्यामुळे जीव्हिममध्ये गेलं म्हणून जोडाक्षरं नीट होतील असं नाही. त्या कामाला मी ईमॅक्स हा दुसरा एडिटर उघडतो, २७ किंवा पुढची आवृत्ती, आणि तेही त्याच्या स्वतःच्या खिडकीत. हार्फबझ नावाची अक्षरजुळणी करणारी लायब्ररी त्यात २७ पासून आहे, आणि 'क्षेत्र' तिथे 'क्षेत्र' असंच दिसतं.