अध्ययन व्यवस्थापन प्रणाली आणि प्रशिक्षणाची सातत्यपूर्ण गुणवत्तासुधारणा

प्रशिक्षणादरम्यान जमा होणाऱ्या नोंदी तपासून पाठ, प्रश्न आणि शिकवण्याची पद्धत यांत पुन्हापुन्हा दुरुस्ती करण्याची रीत. या नोंदी ठेवणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस अध्ययन व्यवस्थापन प्रणाली किंवा व्यवहारात एलएमएस म्हणतात. नावनोंदणी, हजेरी, पाठवाटप, चाचणी व प्रमाणपत्र ही तिची नेहमीची कामे होत.

या प्रणालीचा उगम नेमका कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. काही लेखक तो सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकात तयार केलेल्या चाचणीयंत्रापर्यंत मागे नेतात. ते यंत्र उत्तर तपासत असे. अनेक प्रशिक्षणार्थींच्या प्रगतीचा एकत्रित हिशेब ठेवणे हे त्याचे काम नव्हते. त्यामुळे इलिनॉय विद्यापीठात १९६० च्या सुमारास सुरू झालेली ‘प्लेटो’ प्रणाली आणि त्यानंतरचे संगणक-व्यवस्थापित अध्यापनाचे प्रयोग यांना पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक ठरते. महाजालावर आधारलेल्या प्रणाली १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पसरल्या. ‘मूडल’ या मुक्तस्रोत प्रणालीची पहिली अधिकृत आवृत्ती २००२ मध्ये आली.

सुधारणेच्या चक्राची कल्पना मात्र कारखान्यांतील गुणवत्ता-नियंत्रणातून आली. योजना, कृती, तपासणी व सुधारकृती हे चक्र सामान्यतः डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांच्या नावावर सांगतात. त्याचे बीज वॉल्टर शूहार्ट यांच्या १९३९ मधील विवेचनात असून चारपदी रूप डेमिंग यांच्या १९५० मधील व्याख्यानांनंतर जपानमध्ये घडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्यांबाबतही असाच वाद आहे. प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन व परिणाम ही मांडणी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या १९५९ पासूनच्या लेखांमुळे रूढ झाली. तिचे मूळ श्रेय रेमंड कॅट्झेल यांना द्यावे, असे काही अभ्यासक म्हणतात.

प्रणालीतून सर्वांत सहज मिळते ती पहिल्या पातळीची माहिती, म्हणजे अभिप्राय. तिच्यावर फार विसंबू नये. प्रशिक्षण आवडले की नाही याचा प्रत्यक्ष शिकण्याशी असलेला संबंध अत्यंत क्षीण असल्याचे १९९७ मधील एका संकलित विश्लेषणात, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, आढळले होते. सुधारणेस खरा आधार मिळतो तो प्रश्ननिहाय उत्तरांतून.

प्रश्नविश्लेषणात दोन मापे मुख्य आहेत. बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण म्हणजे काठिण्य निर्देशांक. तो जितका मोठा तितका प्रश्न सोपा. दुसरे माप भेददर्शकतेचे, म्हणजे प्रश्न जाणकार व कच्चे प्रशिक्षणार्थी किती वेगळे दाखवतो याचे. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के व खालचे २७ टक्के प्रशिक्षणार्थी घेऊन दोन्ही गटांतील बरोबर उत्तरांच्या प्रमाणातला फरक काढतात. २७ टक्क्यांची ही निवड ट्रुमन केली यांच्या १९३९ मधील गणितावर आधारलेली असून ती गुणांचे वितरण प्रसामान्य (सरासरीभोवती दोन्ही बाजूंस सारखे पसरलेले, घंटाकार) असल्याचे गृहीत धरते. शंभर जणांच्या तुकडीत वरच्या २७ पैकी २० व खालच्या २७ पैकी ११ जणांचे उत्तर बरोबर आले, तर निर्देशांक ०.३३ येतो, तो समाधानकारक समजतात. ०.२० खालील प्रश्न तपासावा आणि ऋण मूल्य आल्यास आधी उत्तरसूची पाहावी. पुष्कळदा तीच चुकलेली असते किंवा दोन पर्याय बरोबर ठरत असतात. लहान तुकडीत ही मापे अस्थिर असतात, म्हणून अनेक तुकड्यांच्या नोंदी एकत्र पाहणे इष्ट.

मात्र हे निकष स्पर्धापरीक्षेच्या परंपरेतले आहेत. सर्वांना एक कौशल्य पूर्ण यावे हा जेथे हेतू असतो, तेथे चांगल्या प्रशिक्षणानंतर भेददर्शकता शून्याजवळ जाणे स्वाभाविक आहे. अशा वेळी त्याच प्रश्नाच्या पूर्वचाचणी व उत्तरचाचणीतील प्रमाणांची तुलना करावी. दोन्हींत जवळजवळ सर्वांची उत्तरे बरोबर असतील, तर तो पाठ त्या गटासाठी अनावश्यक आहे. दोन्हींत चूक असतील, तर पाठातच उणीव आहे किंवा प्रश्न पाठाला धरून नाही. कोणता चुकीचा पर्याय वारंवार निवडला जातो, यावरून रुजलेला गैरसमज ओळखता येतो आणि पाठात नेमक्या त्याच जागी उदाहरण घालता येते.

हे साधेल की नाही हे नोंदींच्या मानकावरही अवलंबून असते. पाठ व प्रणाली यांच्यात नोंदींची देवाणघेवाण कशी व्हावी हे ठरवणाऱ्या ‘स्कॉर्म’ या मानकाच्या २००१ मधील १.२ आवृत्तीत पाठ पूर्ण होणे व त्यात उत्तीर्ण होणे यांसाठी एकच स्थितिदर्शक होता आणि प्रश्ननिहाय उत्तरे साठवणे ऐच्छिक होते. २००४ च्या आवृत्तीत दोन स्थिती वेगळ्या झाल्या. २०१३ मधील ‘एक्सएपीआय’ मानकामुळे कर्ता, क्रिया व कर्म अशा विधानांतून प्रणालीबाहेरील, कामाच्या ठिकाणच्या घडामोडीही नोंदवता येतात. जुन्या मानकावरील अभ्यासक्रमांत ‘पूर्ण’ हा शेरा दिसतो, पण काय कळले नाही ते दिसत नाही. सुधारणेच्या दृष्टीने ही मोठी हानी होय.

वर्तन व परिणाम या पातळ्यांसाठी पर्यवेक्षकांची निरीक्षणे, कामातील चुकांच्या नोंदी व काही आठवड्यांनी घेतलेली पुनर्चाचणी यांची जोड लागते. अशा नोंदी व्यक्तीशी जोडलेल्या असल्याने त्यांचा वापर प्रशिक्षणार्थींना आधी स्पष्ट सांगणे आवश्यक असते. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या विदासंरक्षण नियमांत तसे बंधन आहे.

प्रश्न किंवा पाठ बदलल्यावर जुन्या व नव्या रूपांची आकडेवारी वेगळी ठेवावी लागते. ती मिसळल्यास बदलाचा परिणाम मोजता येत नाही. मूडलमध्ये प्रश्नांच्या आवृत्त्या राखण्याची सोय ४.० या २०२२ च्या आवृत्तीपासून आहे.